सोनजाई चौकीवर तोतया आवाज उद्भवला त्याची हकिगत

ज्या अदृश्य लहरीवर बसून शब्द डोंगर ओलांडतो, त्या लहरीस प्रथम दंडवत. त्यामागून बॅटरीस दंडवत, कारण तिजवाचून लहरीचे काही एक चालत नाही. श्रोते हो, चित्त द्यावे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, ज्येष्ठ मास, ते समयी एक राज्य होते. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण राज्य भिडस्त होते. त्या राज्यात कोतवालीच्या त्रेचाळीस चौक्या, आणि प्रत्येक चौकीस एक बिनतारी यंत्र, आणि ती यंत्रे थोरल्या हुजुरांचे कारकिर्दीत आली होती. आली तेव्हा त्यांची हत्तीवरून मिरवणूक निघाली, ऐसे जुने लोक सांगतात. पुढे एकतीस वर्षे लोटली. थोरले हुजूर कैलासवासी जाहले, हत्तीही गेला, यंत्रे मात्र सेवेत राहिली, कारण यंत्रांस निवृत्तीचे वय कोणी नेमून दिले नव्हते.

या यंत्रांची दुरुस्ती मानाजी घोगरे यांजकडे. मोठा शर्थीचा पुरुष. छत्रीच्या काडीची एरियल करावी, सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बॅटरी आवळावी, एक यंत्र मेले तर त्याचे अवयव काढून तिघांस जीवदान द्यावे, ऐसा त्यांचा हातगुण. घारवाडी चौकीचे यंत्र तर इतक्या यंत्रांचे मिळून जाहले होते की त्याचे गोत्र कोणते, हे ब्रह्मदेवासही सांगता न यावे. आणि हे सर्व कशासाठी, तर 'महावाणी' येईपर्यंत. महावाणी म्हणजे नवे जाळे. त्यावरून आवाज जाईल, चित्रे जातील, नकाशे जातील, ऐसी द्वाही अकरा वर्षांपूर्वी फिरली होती. तेव्हापासून दर दसऱ्यास दिवाणजी भर दरबारात जाहीर करीत की महावाणी वाटेत आहे. कोणत्या वाटेत, हे कोणी पुसले नाही. पुसणे रीतीस धरून नव्हते.

मानाजींचे काळजात सल एकच, तो सोनजाई चौकीचा. ही चौकी घाटमाथ्यावर, खाली बारा वळणे, आणि वळणांवर दरडीचे भय. दरड सुटली की चौकीने बिनतारीवरून वर्दी द्यावी आणि पायथ्याचे फाटक पडावे, इतकाच काय तो चढत्या गाड्या आणि मरण यांमधला पडदा. आणि सोनजाईचे यंत्र आता दिवसातून दोनदा मूर्च्छा पावत होते. मग मानाजी एके दिवशी इस्त्रीचा गणवेश घालून, ते यंत्र कडेवर घेऊन दिवाणजींकडे गेले आणि म्हणाले, "महावाणी येईल तेव्हा येवो. तोवर साधी, हातात मावणारी यंत्रे त्रेचाळीस द्यावी."

दिवाणजी हसून बोलिले, "मानाजी, लग्न ठरलेल्या पोरीला मधल्या काळापुरता नवरा बघता होय?"

"दिवाणजी, लग्न ठरून अकरा वर्षे झाली, नि मुलाकडची मंडळी अजून पत्रिकाच बघताहेत. पोरीचे केस पिकले."

"अहो, पण हे यंत्र चालतेय की!"

मग मानाजींनी यंत्राची कळ दाबली. यंत्रातून धूर निघाला, आणि धुरामागून शेजारच्या राज्याचे कांद्याचे बाजारभाव ऐकू येऊ लागले. भाव चांगला होता. हुजूर पलीकडच्या दालनात होते, ते उठून आले, भाव शेवटपर्यंत ऐकिला, आणि नवी यंत्रे मंजूर केली. मात्र दिवाणजींनी शर्त घातली की एक महिना पारख, त्यात एक वर्दी जरी अडली तरी यंत्रे माघारी, मग महावाणीचीच वाट पाहणे, आणि ज्या चौकीचे जुने यंत्र मुके होईल ती चौकी मोडून टाकणे. मानाजी समजले की ही शर्त म्हणजे सोनजाईच्या मानेवर ठेविलेली सुरी आहे. तरी मुजरा करून यंत्रे उचलली आणि पाच दिवसांत त्रेचाळीस चौक्या स्वतः हिंडून पोचविली. पायास फोड आले, त्यांची गणती त्यांनी ठेविली नाही.

आता नियंत्रण कक्षाचे वर्तमान ऐकावे. तेथे जिवाजीपंत नामे अधिकारी, एकोणीस वर्षे एकाच खुर्चीवर, आणि त्या खुर्चीस त्यांचा आकार आला होता. पंतांचे कान म्हणजे राज्याचे भूषण. जुन्या यंत्रांवर शब्द फारसे कळत नसत, म्हणून पंत चौकी ओळखीत ती तिच्या खरखरीवरून. तव्यावर भाकरी करपल्यासारखा आवाज आला की सोनजाई, डबक्यात बेडूक पडला की नदीपेठ, आणि काहीच आवाज आला नाही की घारवाडी. नाव पुसणे त्यांस अपमान वाटे. परराज्यातले लोक ही विद्या पाहावयास येत आणि तोंडात बोट घालून परत जात. आणखी एक रीत ऐसी की रोज सकाळच्या हजेरीस कोणी बोलत नसे. जुन्या बॅटरीत बोलण्याइतका जीव नसे, म्हणून चौकीने कळ दोनदा दाबावी, टक टक, म्हणजे सर्व क्षेम. नव्या यंत्रांत जीव भरपूर होता, पण रीत ती रीत. त्यामुळे नऊ दिवस त्रेचाळीस चौक्यांनी निमूट टक टक केली, आणि नवे यंत्र बोलते कैसे, हे पंतांनी ऐकिलेच नाही. मानाजींसही हे सुचले नाही. यंत्राचा प्रत्येक स्क्रू त्यांनी तपासला होता, पंत तेवढे तपासायचे राहिले.

दहावे दिवशी भर दुपारी मानाजी नियंत्रण कक्षात भाकरी सोडून बसले होते, आणि पंत शेजारी ताक पीत होते, तो यंत्र बोलिले. ऐसे स्पष्ट बोलिले की पंतांचे ताक सांडले.

"नियंत्रण, नियंत्रण, सोनजाई बोलतेय. सातव्या वळणावर दरड आलीय. वऱ्हाडाची बस मधोमध अडकलीय, माणसं आत आहेत, वरनं अजून धोंडे सुटतायत. खालचं फाटक पाडा. लगोलग पाडा!"

पंतांनी मिशी पुसली आणि थंडपणे पुसले, "आपण कोण?"

"सोनजाई चौकी. हवालदार रेणुसे."

"रेणुसे बाप्या आहेत," पंत बोलिले, "आणि त्यांचा घसा बसलेला आहे. बाई, ही कोतवाली आहे. बातम्या सांगायच्या तर आकाशवाणीत जावे."

ऐसे का जाहले, तर सोनजाईचे हवालदार म्हणजे सगुणाबाई रेणुसे, एकोणीस वर्षे त्याच चौकीवर, आणि एकोणीस वर्षे पंत त्यांस घसा बसलेला पुरुष समजत आले. हजेरीपटावर नाव होते, पण पट वाचणे हे कान नसलेल्यांचे काम, ऐसे पंतांचे मत. मग पंत उठून उभे राहिले आणि गर्जले, "तोतया! सोनजाईवर तोतया उद्भवला!" कक्षात एकच हलकल्लोळ जाहला, आणि दोन शिपाई तलवारी नसल्याने पट्ट्या घेऊन धावले. कोठे धावावे हे न कळून परत येऊन बसले.

मानाजी भाकरी टाकून म्हणाले, "पंत, ती सगुणाबाई आहे. फाटक पाडा!"

"मानाजी, कायदा काय सांगतो? अनोळखी आवाजावर फाटक हलवू नये. मी हा आवाज जन्मात ऐकिला नाही."

"ऐकलाय हो, रोज ऐकलाय!"

"खरखर कुठंय?"

तेव्हा मानाजींचे ध्यानी सर्व आले. यंत्रात दोष एवढाच की त्यात दोष नाही. आणि हे चारचौघांत उघड केले की दिवाणजी म्हणणार, नव्या यंत्रांमुळे वर्दी अडली, आणि यंत्रे माघारी, आणि चौकी मोडली. परंतु घाट चढणाऱ्या गाड्या डोळ्यांपुढे आल्या. मग यंत्रे गेली तर गेली ऐसे म्हणून त्यांनी पंतांच्या हातातून यंत्र ओढून घेतले. पंतांस एकोणीस वर्षांत ऐसे कोणी केले नव्हते.

"सगुणाबाई, मानाजी बोलतोय. जरा खरखर करा."

"काय करू?"

"खरखर. जुन्या यंत्रासारखी. पंतांना ओळख पटेना."

मग आवाज आला, "मामा, हितं डोक्यावर धोंडे पडतायत, अन् तुम्हाला खरखर पायजे? बरं. थांबा. करते."

आणि त्या माउलीने, श्रोते हो, बसपाशीच उभी राहून, खिडकीतून एका वऱ्हाड्याचे हातची चिवड्याची पिशवी हिसकावली, ती यंत्रासमोर धरून चुरगाळिली, नाक दाबिले, आणि दर दोन शब्दांमागे एक शब्द गिळून वर्दी दिली: "निय... सोनजा... सातव्या... दरड... बस... फाट... पाडा."

पंतांचे मुखावर सूर्योदय जाहला. "हां! हे आमचे रेणुसे! मघाशी का नाही बोललात, राव?" ऐसे म्हणून त्यांनी हुकूम सोडिला आणि फाटक पडले. वर निघालेल्या सतरा गाड्या पायथ्याशीच थबकल्या, आणि क्रेन निघाली, आणि वैद्य निघाले. इकडे सगुणाबाईंनी बसची मागची काच फोडून वऱ्हाड एकेक करून उतरविले. वरमाई मानपानाच्या पेटीशिवाय उतरेना, तीस पेटीसकट उतरविले. नवरदेव घाबरून बाशिंग डोळ्यांवर ओढून बसला होता, त्यास कानास धरून उतरविले. शेवटचा मनुष्य वळणाआड जातो न जातो तो दुसरी दरड आली, आणि बस होती तेथे डोंगर जाहला. मनुष्यहानी शून्य. चिवडा मात्र गेला.

दुसरे दिवशी दरबार भरला. दिवाणजी उठून बोलिले, "वर्दी अकरा मिनिटे अडली. सबब शर्त मोडली, यंत्रे माघारी. अथवा हुजुरांची दया असेल तर नव्या यंत्रांत थोडी खरखर बसवावी, म्हणजे ओळखीचा घोटाळा होणार नाही. खरखर किती असावी हे ठरवावयास समिती नेमू." कित्येकांनी माना डोलविल्या, कारण समितीत सात जागा असतात. मानाजी खाली पाहत उभे. यंत्र आपण आणिले, दोष आपला, ऐसे कबूल करण्यास त्यांनी तोंड उघडले, तो सगुणाबाई पुढे आल्या. साक्षीस बोलाविले होते, गणवेशावर घाटाची माती तशीच.

"सरकार, एकोणीस वर्षं मी बोलतेय. काल पयल्यांदा कुणाला तरी ऐकू आलं, तर म्हणतात यंत्र बिघडलं."

मग जिवाजीपंत उठले, आणि लोकांस वाटले आता रागे भरतील. पण मनुष्य मोठा. त्यांनी हात जोडिले आणि म्हणाले, "हुजूर, यंत्र शुद्ध आहे. वर्दी यंत्राने अडविली नाही, माझ्या कानांनी अडविली. शर्त यंत्रांवर होती, माझ्यावर नव्हती. ज्याने अडविले त्यास माघारी धाडावे."

हुजुरांनी फर्माविले की यंत्रे राहतील, चौकी राहील, आणि पंतही राहतील. मात्र पंतांनी उद्यापासून त्रेचाळीस चौक्या पायी हिंडाव्या, प्रत्येक चौकीवर एक दिवस राहावे, आणि समोर बसून माणसाचे बोलणे ऐकावे. आणि हजेरीस टक टक बंद, तोंडाने बोलावे. मानाजींस इनाम पुसले तर त्यांनी पायास लावण्यास मलम मागितले. पंत पहिल्याने सोनजाईस गेले. सगुणाबाईंनी चहा ठेविला आणि दिवस मावळेतो बोलत राहिल्या, कारण एकोणीस वर्षांचे साचले होते. पंतांनी मध्ये एक शब्द काढिला नाही.

एवंच, यंत्रे पालटली ती ऐसी. महावाणी वाटेत आहे, ऐसे याही दसऱ्यास जाहीर जाहले आणि टाळ्या पडल्या. ती येईल तेव्हा तिचे स्वागत होईल. तूर्त सोनजाईचा घाट दोन्ही बाजूंनी वाहतुकीस खुला असे.