बारा धर्मपिता आणि मागचा माणूस

भाचीच्या पंधराव्या वाढदिवसाचे फोटो काढायची जबाबदारी एलेउतेरिओने स्वतःहून मागून घेतली, तेव्हा कॅमेरा घरात येऊन जेमतेम आठवडा झाला होता.

आमच्या गावात मुलगी पंधरा वर्षांची झाली की लग्नाच्या तोडीचा सोहळा होतो. तो एकट्या बापाला झेपत नाही, म्हणून प्रत्येक खर्चाला एक धर्मपिता नेमतात. केकचा वेगळा, बँडचा वेगळा, बुटांसाठी एखादी धर्ममाता. त्यांना मोबदला काही नको असतो; फक्त फोटोत ठळक दिसायचं असतं. एलेउतेरिओची मुलगी नायेली फेब्रुवारीत पंधराची होणार होती आणि हीच मंडळी तिलाही लागणार होती. त्यांना आधीच मिंधं करून ठेवावं, एवढाच त्याचा कलेमागचा हेतू होता.

कला तो मोबाईलवरच्या एका व्हिडिओतून शिकला. लेन्सचा आकडा सगळ्यात लहान ठेवला की एकच गोष्ट स्पष्ट येते आणि बाकीचं धुकं होतं. त्याने दिवसभर आकडा हलवला नाही. स्पष्ट काय यावं, हे त्याने विश्वासाने कॅमेऱ्यावर सोपवलं.

कॅमेऱ्याची आवड स्वतंत्र होती. केकच्या फोटोत वरची चेरी लख्ख आली आणि केक देणारे डॉन फुल्हेन्सिओ, गावचे खाटीक, गुलाबी ढग झाले. बुटांच्या धर्ममाता डोन्या ओफेलिया गुडघ्यावर बसून मुलीला नवे बूट चढवत होत्या. त्या फोटोत त्यांच्या स्वतःच्या चपलेचा झिजलेला तळवा तेवढा स्पष्ट होता. समूहचित्रात बाराही धर्मपिता विरघळले होते. त्यांच्या मागे, कार्निटासच्या, डुकराचं मांस तळायच्या कढईपाशी, एक अनोळखी माणूस तोंडात हाडूक धरून उभा होता. त्याच्या मिशीचा केस न् केस मोजता आला असता.

"हा कोण?" डॉन फुल्हेन्सिओंनी विचारलं.

"कुणास ठाऊक," एलेउतेरिओ म्हणाला. "पण उजेड बघा काय पडलाय चेहऱ्यावर!"

"दोस्ता, तीन मजली केक मी दिला. मी कुठाय?"

"हे काय, चेरीच्या मागे. कोट ओळखू येतोय की."

"आणि माझी चप्पल जन्मभर भिंतीवर लावायची का रे मेल्या?" डोन्या ओफेलिया म्हणाल्या.

घरी बायको चाबेला एवढंच म्हणाली, "नायेलीला आता अनवाणी नाचव."

शेवटी ठरलं, की रविवारी प्रार्थनेनंतर चौकातल्या कारंज्यापाशी समूहचित्र पुन्हा काढायचं. सगळे कोट पुन्हा इस्त्री झाले. एलेउतेरिओने चार दिवस घासून अभ्यास केला आणि आकडा सगळ्यात मोठा ठेवायला शिकला. आता नखापासून डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट येणार होतं.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. त्यामुळे, हा कॅमेरा फक्त मागच्या माणसाला धरतो, या माहितीवरच मंडळी चौकात आली.

"तुम्ही व्हा पुढे, डॉन फुल्हेन्सिओ. तुमचा मान मोठा."

"छे छे, आधी बायका."

"पुढे जाऊन काय करू? चप्पल दाखवू?"

एकेक जण दुसऱ्याच्या मागे सरकत गेला. मागे कारंजं होतं. एलेउतेरिओने बटण दाबलं त्याच क्षणी डॉन फुल्हेन्सिओ कोटासकट त्यात बसले. फोटो निर्दोष आला. पुढे मोकळ्या जागेत भाची एकटी. मागे बारा प्रतिष्ठित नागरिक एकमेकांच्या बाह्या ओढताना. आणि पाण्याचा थेंब न् थेंब स्पष्ट.

एलेउतेरिओ फेब्रुवारीच्या सोहळ्यासाठी दारोदार फिरला तेव्हा 'नाही' कुणीच म्हणालं नाही. बाराही जण नायेलीचे धर्मपिता व्हायला तयार होते. मात्र प्रत्येकाला एकच खर्च उचलायचा होता: शहरातून येणाऱ्या फोटोग्राफरचा.

"बारा फोटोग्राफर आणि केक एकही नाही," चाबेला म्हणाली.  

त्याच संध्याकाळी दार वाजलं. बाहेर मिशीवाला उभा होता, हातात टोपी.

"माझा फोटो तुम्हीच काढला ना, साहेब? डोन्या ओफेलियांनी फाडायच्या आधी मी मागून घेतला. आईला पाठवला. म्हणाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू नीट दिसलास." त्याने हातातली टोपी फिरवली. "फेब्रुवारीतला केक माझ्याकडे. मजले तुम्ही सांगा."

"या ना, आत या!" एलेउतेरिओ म्हणाला.

"फक्त मला मागेच उभं करा. कढईपाशी."

तो गेल्यावर चाबेलाने विचारलं, "पण हा माणूस कोण?"

"केकचा धर्मपिता," एलेउतेरिओ म्हणाला आणि त्याने लेन्सचा आकडा परत सगळ्यात लहान करून ठेवला.