राष्ट्रप्रमुख, सरकार आणि बंद लिफ्ट

राज्यव्यवस्था कोणतीही असो, बिघडलेली वस्तू दुरुस्त करण्याआधी ती कोणाच्या अखत्यारीत बिघडली आहे हे निश्चित करावं लागतं. ज्या राष्ट्रांनी हे न ठरवता थेट दुरुस्तीला हात घातला, त्यांना जाडजूड राज्यघटना कधी लाभली नाही.

आमची 'गोदासंगम' सोसायटी नाशकातल्या इंदिरानगरात आहे. (गोदावरी इथून बरीच लांब आहे आणि संगम कशाचाच नाही.) ऑगस्टमध्ये आमची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध थांबली. आत कोणी नव्हतं. दळणाचा एक डबा होता, तो सुखरूप बाहेर काढण्यात आला. लिफ्ट मात्र तिथेच राहिली.

त्या वेळी आमच्याकडे संसदीय पद्धत होती. अध्यक्ष देवव्रत गर्गे हे झेंडावंदन, सत्यनारायण आणि शोकसभा एवढ्यापुरते अध्यक्ष होते. प्रत्यक्ष कारभार सचिव हर्षाली कोठावदे बघत. त्या सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला असल्याने कारभार रविवारी होई. लिफ्टच्या कामाला दोघांच्या सह्या लागत. गर्गे मुलीकडे पुण्याला होते. सचिवांनी रीतसर विनंती केली तर आपण सहीला येऊ, असं त्यांचं म्हणणं. अध्यक्ष नाशकात असते तर आपण विनंती केली असती, असं सचिवांचं. दोघंही घटनात्मकदृष्ट्या बरोबर होती, त्यामुळे लिफ्ट बंद होती.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. (नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकात मागे शिवलेला, परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचून दाखवायचा विषय.) उभ्या आयुष्यात या विषयावर मला एकाही माणसाने आपण होऊन प्रश्न विचारला नव्हता. त्यामुळे सर्वसाधारण सभेत हर्षालीताई वैतागून म्हणाल्या, "सर, यावर काही उपाय आहे का?" तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि पुढे बराच वेळ बसलो नाही.

मी सांगितलं की जगात संसदीय आणि अध्यक्षीय यांखेरीज एक तिसरी पद्धत आहे. लोक कायदेमंडळ निवडतात, कायदेमंडळ अध्यक्ष निवडतं आणि तो अध्यक्ष राष्ट्रप्रमुखही असतो, सरकारप्रमुखही. हार त्यालाच आणि मारही त्यालाच. दक्षिण आफ्रिकेत हीच पद्धत आहे. नौरू नावाच्या बेटावरही आहे. तिथे अवघे एकोणीस खासदार आहेत. आमच्या सभेला नऊ जण होते, म्हणजे आपण जवळपास अर्धं राष्ट्र आहोत, हेही मी निदर्शनास आणलं. नौरूचे अध्यक्ष अविश्वास ठरावाने वारंवार घरी गेले आहेत, हे वेळेअभावी सांगायचं राहिलं.

ठराव मंजूर झाला. उपनिबंधकांना कळवू नये असंही ठरलं, कारण कळवायला कोण जाणार यावर एकमत होईना. सात जणांची कार्यकारिणी हे आमचं कायदेमंडळ. अध्यक्षपदासाठी पाहणी केली असता तिघांना रक्तदाब निघाला, दोघांच्या मुलांची दहावी निघाली आणि हर्षालीताईंनी नुसतंच नको म्हटलं. अशा रीतीने सर्व थरांतून माझ्या नावाला पाठिंबा मिळाला.

दक्षिण आफ्रिकेत निवडून आलेला अध्यक्ष कायदेमंडळातली आपली जागा सोडतो. ही तरतूद मी स्वतः हट्टाने घालून घेतली. मला मत नको, मी सर्वांचा, असं मी उभं राहून जाहीर केलं. रिकाम्या जागी माझ्या पत्नीला, लतिकाला, घेण्यात आलं. घरातली जागा घरातच राहील, असा विचार मी केला.

मग कारभार सुरू झाला. पहिल्या आठवड्यात दारावर पाटी लावली. दुसऱ्या आठवड्यात शिक्का आला. तो राष्ट्रप्रमुखाचा निघाला, म्हणून सरकारप्रमुखाचा वेगळा करायला टाकला. दोन पदं एका माणसात आली की त्यांची सरमिसळ होण्याचा मोठा धोका असतो. तो टाळण्यासाठी मी सरकारप्रमुख म्हणून जेवणाच्या टेबलावर बसायचो आणि राष्ट्रप्रमुख म्हणून गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत. सरकारप्रमुखाने लिफ्टच्या दुरुस्तीचा प्रस्ताव तयार करून गॅलरीत पाठवला. राष्ट्रप्रमुखाला तो घाईचा वाटला. राष्ट्रप्रमुख प्रस्ताव एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतो अशी आपल्याकडे तरतूद आहे. मी तो एकदा परत पाठवला.

"चहा कुठे देऊ?" लतिकाने आतून विचारलं. "टेबलावर, की परराष्ट्रात?"

चौथ्या मजल्यावर रविराज डेर्ले राहतो. तो कार्यकारिणीत आहे. त्याचे वडील केरूनाना सायखेड्याचे. गुडघ्याचं ऑपरेशन इथे नाशकात झालं, म्हणून मुलाकडे आले होते. डॉक्टरांनी जिना चढू-उतरू नका असं बजावलं होतं. ते लिफ्टने वर गेले आणि त्याच आठवड्यात लिफ्ट बंद पडली. खाली गेटजवळच्या बाकावर संध्याकाळी चार म्हातारे बसतात. नाना वरून त्यांचं बोलणं ऐकायचा प्रयत्न करत खिडकीत बसून असायचे.

अध्यक्षाने जनतेत मिसळावं म्हणून मी एकदा वर गेलो. चौथा मजला गाठेपर्यंत माझी दोन्ही पदं धापा टाकत होती.

"या सर," नाना म्हणाले. "मोठे साहेब झाले म्हणं तुम्ही. लिफ्टचं काय झालं?"

"नाना, प्रस्ताव राष्ट्रप्रमुखांकडून फेरविचाराला परत आला आहे."

"ते कोण?"

"मीच."

"मग बरंय. ओळखीचेच हाय. आता कुणाकडं हाय तो कागद?"

"सरकारकडे."

"अन् सरकार कोण?"

"तेही मीच."

नानांनी पाय जरा लांब केला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "मग तुमची दोघांची गाठ नाय का पडत?"

मी त्यांना पद्धत समजावून सांगितली. ती त्यांना लगेच समजली. गावात मेंबर लोकांनी सरपंच निवडायचा असे, तेव्हा नाना मेंबर होते. "मतदानाआधी आम्हाला सापुताऱ्याला नेऊन ठेवलं व्हतं. लय भारी जेवण. सरपंच कोण झाला ते आता ध्यानात नाय." मग ते खिडकीकडे वळले. "छाटणी आलीय सर. द्राक्षाची. पोरगं म्हणतं, भाचे करतील. करतील ना. पण मी बांधावर उभा नाय अशी छाटणी झाली नाय आजवर."

जिना उतरताना मला वाईट वाटलं. त्याच संध्याकाळी सरकारप्रमुख म्हणून मी फेरविचार पूर्ण केला. पण सरकारप्रमुखाचा शिक्का अजून आलेला नव्हता आणि शिक्क्याशिवाय सही केली तर पायंडा पडला असता. मी थांबलो. पायंडे पडू न देणं हेच तर मोठ्या माणसांचं काम.

पुढच्या रविवारी हर्षालीताईंनी अविश्वासाचा ठराव आणला. बैठक मुद्दाम डेर्ल्यांच्या घरी ठेवली. नाना पलंगावर टेकून बसले होते. रविराज माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, राग मानू नका. बापाला खाली न्यायचंय." मी त्याला सांगितलं की अविश्वास हा या पद्धतीचा प्राण आहे, आणि ठरावाच्या मसुद्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुकाही दुरुस्त करून दिल्या.

मतं पडली. ठरावाच्या बाजूने तीन, विरोधात तीन. विरोधातले तिघेही माझे समर्थक होते असं मला वाटलं. नंतर कळलं की मी गेलो तर नंबर आपला लागेल, अशी त्यांना भीती होती. राहिली लतिका. मला मत नव्हतं. ती तरतूद माझीच.

लतिकाने चष्मा पुसला आणि हात वर केला. "ठरावाच्या बाजूने."

नानांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं.

घरी आल्यावर मी गॅलरीत बसलो. मग आता त्या खुर्चीचा आपल्याला अधिकार नाही हे लक्षात आलं, म्हणून टेबलाशी गेलो. तिथेही तीच अडचण. शेवटी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

"तू तरी," मी म्हणालो.

"मी तिथे तुमची बायको म्हणून बसले नव्हते," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "तुम्हीच म्हणता ना, दोन भूमिकांची सरमिसळ नको."

"आणि आता?"

"आता बायको आहे. पाट घ्या, बसा. गरम आहे तोवर खा."

मी जेवलो. जेवण नेहमीपेक्षा चांगलं होतं, हे नमूद करायला हवं.

हर्षालीताई अध्यक्ष झाल्या. सोमवारी दुपारी कारखान्यातून त्यांनी लिफ्टवाल्याला फोन लावला, मंगळवारी तो आला, एक सही झाली. एकाच माणसाची सही, कोणाकडे बोट दाखवायची सोय नाही, काम केलं नाही तर कायदेमंडळ घरी बसवणार: मी सभेत सांगितलेली पद्धत शब्दशः खरी ठरली. तिच्यात एकच त्रुटी होती, ती त्या रविवारी चार विरुद्ध तीन मतांनी दूर झाली.

केरूनाना लिफ्टने खाली आले तेव्हा मी गेटजवळच होतो. रविराजने गाडी लावली. नानांनी माझा हात धरून गाडीत पाय टाकला. "सर, पद्धत चांगली हाय तुमची," ते म्हणाले. "माणूस बदलता येतो." मग खिडकीची काच खाली करून म्हणाले, "द्राक्षं आली की पेटी पाठवतो." गाडी वळेपर्यंत मी हात हलवत राहिलो. काय झालं कोणास ठाऊक, माझे डोळे भरून आले. ही बहुधा निवृत्त राष्ट्रप्रमुखांना होणारी बाधा असावी.

हल्ली मला इतर सोसायट्यांतून या पद्धतीवर व्याख्यानाला बोलावतात. अनुभवी माणूस म्हणून ओळख करून देतात. गेल्या रविवारी तुमच्या सोसायटीत व्याख्यान होतं. नोटीस जिन्यात लावली होती. तुम्ही तिच्याजवळून रोज जाता. व्याख्यान झालं, पद्धत सर्वांना पटली आणि लगेच अध्यक्षाची निवडही उरकली. हजर असलेल्यांपैकी कोणीच तयार नव्हतं, तेव्हा गैरहजर सभासदांच्या नावांचा विचार झाला. तुमच्या नावाला कोणीही हरकत घेतली नाही. तुम्हीसुद्धा.

अभिनंदन. तुमच्याकडे पाण्याचा पंप बंद आहे, असं कळतं.