साठ घरांची शिडी

नोंदणी रद्द व्हायला सव्वीस दिवस उरले होते आणि सूनबाईंच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण अजून कोरं होतं. विषय झकास होता. शेजारी एकमेकांना किती धरून असतात, हे आकड्यांनिशी दाखवायचं होतं. फक्त आकडे नव्हते. सहा वर्षं विद्यापीठाने वाट पाहिली, आणि आता महिनाअखेरीपर्यंत प्रकरण आलं नाही तर नाव खोडू, असं पत्र धाडलं. ते पत्र सूनबाईंनी फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलं होतं, म्हणजे पाणी प्यायला गेलं तरी ते डोळ्यांपुढे यावं.

आकडे शोधण्यात त्यांनी कसूर केली नव्हती. एका संकेतस्थळावर नुसत्या बेरजा होत्या; त्या कशाच्या, हे सांगणारं पान गायब होतं. दुसऱ्यावर चांगली भरगच्च फाईल होती, पण ती उघडणारं सॉफ्टवेअर वीस वर्षांपूर्वीच वारलं होतं. तिसऱ्यावर 'अधिक माहितीसाठी येथे जा' असं लिहिलं होतं आणि तिथे गेलं की माणूस पुन्हा पहिल्यावर येऊन आदळत होता.

"आमच्या वेळी असं नव्हतं हो," सासरे म्हणायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. आकडेवारी खात्यात त्यांनी प्रगणक म्हणून, म्हणजे घरोघर जाऊन पाहणीचे फॉर्म भरण्यात, उभी हयात घालवली होती. "तीस वर्षं दारं वाजवली. कुत्री अंगावर आली, लोकांनी तोंडावर दारं लावली. पण समोरचा सांगेल तेच लिहिलं. एक फॉर्म घरी बसून भरला नाही!"

हे वाक्य दिवसातून एकदा तरी व्हायचंच. सूनबाईंना त्याचा कंटाळा येत नसे, कारण अण्णांवर त्यांचा भारी जीव होता. "या वयात शिकून काय दिवे लावणार?" असं घरात सगळे म्हणत असताना हाच माणूस छत्री घेऊन उठला होता आणि प्रवेशाचा अर्ज घेऊनच परतला होता.

शेवटी विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तळघरातल्या माहिती विभागात एक बाई भेटल्या. स्वेटर विणता विणता त्यांनी सगळं रडगाणं ऐकून घेतलं.

"तुम्ही आकडे मागताय, तिथंच चुकतंय," त्या म्हणाल्या. "आधी प्रश्न मागा. कुणी, कधी, काय विचारलं होतं ते बघा. आकडे त्याच्यामागून येतात."

दहा मिनिटांत त्यांनी एक डिस्क काढून दिली. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची शेजारसंबंध पाहणी, चारशे घरं, आणि त्यातली साठ तर सूनबाईंच्याच गल्लीतली!

"मूळ फॉर्म मागच्या खोलीत गठ्ठ्यात आहेत," बाई म्हणाल्या. "आकडे फार शहाण्यासारखे वागायला लागले, तर ते येऊन बघा."

सूनबाई उड्या मारत मार्गदर्शक सरांकडे गेल्या. सर त्यांच्याहून उंच उडाले.

"अहो, माझा अख्खा प्रबंध याच पाहणीवर उभा आहे! मला वाटलं, ती कधीच रद्दीत गेली. शिडी-सिद्धांत!"

सरांचा शिडी-सिद्धांत विद्यापीठात कोणाला ठाऊक नाही? माणूस साखर कोणालाही देतो, पण शिडी फक्त विश्वासातल्या शेजाऱ्यालाच देतो; तेव्हा समाज मोजायचा तर शिड्या मोजाव्यात. याच्यावर सरांनी अकरा देशांत भाषणं केली होती आणि एक जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. ते पुस्तक अर्पण केलं होतं 'घर क्रमांक एकोणचाळीसमधील त्या अनाम बाईंना'.

सूनबाई घरी येऊन आकड्यांशी झटू लागल्या. तीनशे चाळीस घरं माणसांसारखी वागत होती. एक म्हणे शेजारी देवमाणूस, दुसरा म्हणे त्याचं नाव काढू नका. पण त्यांच्या गल्लीतल्या साठ घरांचं काही निराळंच होतं. साठपैकी बावन्न घरांनी शेजाऱ्याला शिडी दिली होती. घराघरात कोणाचा ना कोणाचा गुडघा दुखत होता, तोही डावाच. आणि साठच्या साठ घरांना डावीकडच्या शेजाऱ्याच्या रेडिओचा ताप होता. आता घर क्रमांक एकच्या डावीकडे पाण्याची टाकी होती. टाकी कशाला रेडिओ लावेल?

सूनबाईंच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तळघरात जाऊन साठ फॉर्म उघडले. सगळे एकाच प्रगणकाने भरलेले होते आणि त्यातला प्रत्येक सात छत्रीच्या मुठीसारखा खाली वळलेला होता. तसला सात त्या रोज बघत. घरी फ्रिजवर, विद्यापीठाच्या पत्राशेजारी अण्णांची चिठ्ठी होती: 'दूध ७ तारखेपासून जास्त'. सूनबाईंनी गठ्ठा पुन्हा बांधून ठेवला.

संध्याकाळी चहाचा कप पुढे करत त्यांनी हळूच विचारलं, "अण्णा, ती शेजारसंबंध पाहणी आठवते?"

अण्णांचा हात डाव्या गुडघ्यावर गेला.

"कळलं का तुला?" ते खालच्या आवाजात म्हणाले. "एकदाच गं. एकदाच झालं. आपली शिडी शेजाऱ्यानं नेलेली. बल्ब बदलायला मी टेबलावर स्टूल ठेवून चढलो आणि पडलो. गुडघा हा एवढा सुजला. साहेबांना सोमवारी फॉर्म हवे होते. मी पलंगावर, आणि डावीकडून त्या गृहस्थाचा रेडिओ! जे डोक्यात होतं ते उतरलं कागदावर."

"साठ वेळा?"

"पण मनापासून केलं! प्रत्येकाला वेगळं वय दिलं, वेगळा धंदा दिला. एकोणचाळीस नंबरच्या विधवा बाईंचा तर शेजाऱ्याशी बारा वर्षं अबोला, आणि तरी पाऊस आला की त्याचे वाळत घातलेले कपडे ती आत घेते. लिहिताना माझेच डोळे भरून आले होते."

सूनबाईंना हसावं की रडावं कळेना. सरांना सांगितलं तर अण्णांची तीस वर्षांची पुण्याई धुळीला मिळणार. न सांगावं तर आपला प्रबंध एका सुजलेल्या गुडघ्यावर उभा राहणार. रात्रभर विचार करून त्यांनी मधली वाट काढली. सरांना सांगितलं, "त्या साठ घरांची मी नव्याने पाहणी करते. तेव्हा आणि आता, अशी तुलना होईल."

"उत्तम! शिड्या वाढल्या असतील बघा," सर म्हणाले.

अण्णांनी माळ्यावरून जुनी खात्याची पिशवी काढली. "मी येणार. साठ दारं माझ्यावर राहिलीत." सूनबाईंनी गुडघ्याची आठवण दिली. "त्यालाही घेऊन येतो," ते म्हणाले.

नऊ दिवस सासरा-सून दारं वाजवत फिरले. एका घराने त्यांना पाण्याच्या खात्यातले समजून नळ दाखवला. एका आजोबांनी एकाही प्रश्नाचं उत्तर न देता दीड तास बसवून घेतलं. शिडी मात्र कुठेच निघाली नाही. बल्ब बदलायलासुद्धा आता लोक वायरमनला बोलावत. पण अठ्ठेचाळीस घरं शेजाऱ्याचं पार्सल ठेवून घेत होती आणि एकतीस घरांत शेजारच्यांची किल्ली होती. लिहिता लिहिता सूनबाईंचं मन भरून आलं. माणसं एकमेकांना धरून होती तर!

शेवटचं दार डावीकडच्या शेजाऱ्यांचं होतं. रेडिओ चालू होताच. दार उघडून ते गृहस्थ उभे राहिले, आणि त्यांच्या मागे अंगणात अण्णांनी स्वतः हिरवा रंग दिलेली शिडी उभी होती. तिच्यावर वेल चढला होता.

अण्णांनी घसा साफ करून प्रश्न वाचला, "शेजाऱ्याची एखादी वस्तू आणून परत करायची राहिली आहे का?"

"छे! आपल्याला ती खोडच नाही," शेजारी म्हणाले.

अण्णांनी शिडीकडे पाहिलं. मग सूनबाईंकडे पाहिलं. समोरचा सांगेल तेच लिहायचं! त्यांनी लिहिलं, 'काही नाही'. इतकं दाबून लिहिलं, की कागद फाटला.

मुदतीच्या आदल्या दिवशी प्रकरण सरांच्या टेबलावर होतं. फॉर्मचा गठ्ठा घेऊन अण्णा दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. सर वाचत गेले तशा त्यांच्या कपाळावरच्या आठ्या वाढत गेल्या.

"साठ घरं, आणि एकसुद्धा शिडी नाही?" त्यांनी कागद खाली ठेवले. "हे बघा बाई, इतकी वर्षं मी आकड्यांत घालवलीत. खोटा फॉर्म मला लांबून ओळखू येतो. हे तुम्ही घरी बसून भरलंय. मी सही करणार नाही."

सूनबाईंना वाचवणारं एक वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं आणि ते गिळून टाकलं.

खुर्ची करकरली. अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"सर, घरी बसून भरलेला फॉर्म असा नसतो," ते म्हणाले. "तो फार नीटनेटका असतो. ती तुमच्या पुस्तकातली शिडी आहे ना, ती माझी. एकच आहे. अठ्ठावीस वर्षं झाली, शेजाऱ्यानं अजून परत केलेली नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं, स्टुलापासून रेडिओपर्यंत. शेवटी फाटलेला फॉर्म सरांपुढे ठेवला. "हे त्याच शेजाऱ्याचं उत्तर. शिडी त्याच्या पाठीमागं दिसत होती. हा मी घरी बसून भरला असता, तर 'काही नाही' असं लिहिलं असतं का?"

सरांनी फॉर्म वाचला. फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अकरा देश त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असावेत. मग त्यांनी पेन उघडलं आणि सही केली. सूनबाईंचा जीव भांड्यात पडला.

दोघं निघाली, तेवढ्यात मागून सरांचा आवाज आला. अगदीच लहान झाला होता तो.

"आणि एकोणचाळीस नंबरच्या बाई?"

अण्णा उंबरठ्यावर थबकले.

"बऱ्या आहेत," ते म्हणाले. "हल्ली लेकीकडे असतात. अबोलाही मिटला."

सरांनी मान डोलावली. त्यांना बरंच हलकं वाटलेलं दिसलं.

जिन्यात आल्यावर सूनबाईंनी कमरेवर हात ठेवले. "अण्णा! पुन्हा?"

"अगं," अण्णा कठड्याला धरून एकेक पायरी उतरत म्हणाले, "फॉर्मवर कुठं लिहिलं?"