एकविसावा शब्द

शाळेच्या विज्ञानशिक्षकांना विज्ञानवार्तांचं अ‍ॅप वापरण्याचा लेखी आदेश सोमवारी मिळाला. शुक्रवारपर्यंत अ‍ॅपवर ज्याचा 'वैज्ञानिक दृष्टिकोन' नव्वद टक्क्यांवर जाणार नाही, त्याच्याकडून प्रयोगशाळेची किल्ली काढून घेण्यात येणार होती.

अ‍ॅप मोठं गुणी, खोटं कशाला बोला! जगभरातलं संशोधन वीस शब्दांत हातावर ठेवी. वीस म्हणजे वीस. एकविसावा शब्द कितीही गयावया करो, दारातूनच परत.

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या सरांनी पहिली बातमी उघडली. 'रोज दुपारी दोन तास झोपल्यास स्मरणशक्ती दुप्पट होते, असे सिद्ध झाले असून हा प्रयोग सलग तीन महिने करण्यात आला तो'. संपलं. सर हट्टी. चार दिवस खपून त्यांनी मूळ लेख शोधला आणि एकविसावा शब्द हुडकला: 'उंदरांवर'.

शुक्रवारी मुख्याध्यापिकांनी बोलावलं.

"सर, चार दिवसांत एकच बातमी? दृष्टिकोन दोन टक्के!"

"मॅडम, नीट वाचत होतो."

"वाचायला कुणी सांगितलं? अंगठा सरकवायचा! आपल्या शिपाईमामांकडे बघा. नऊशे बातम्या, शंभर टक्के."

मामा लाजले. "कसलं काय, मॅडम. अंगठ्याला खाज सुटली होती."

"पण तो प्रयोग उंदरांवर झालाय..."

"अ‍ॅपवर आहे का तसं?"

"नाही."

"मग वैयक्तिक मतं घरी, सर."

वीस वर्षं खिशात असलेली किल्ली सरांनी टेबलावर ठेवली. मामा विज्ञानप्रमुख झाले. पहिलाच निर्णय: दुपारी दोन तास सार्वत्रिक झोप. तपासणीला आलेल्या साहेबांनी घोरणारे वर्ग पाहून शेरा मारला, 'शिस्त उत्तम', आणि मागच्या बाकावर तेही आडवे झाले.

तीन महिन्यांनी अ‍ॅपने दुरुस्ती पाठवली. मूळ लेख वाचणाऱ्यांनाच ती जाई, म्हणजे एकट्या सरांना. झोपाळू उंदीर आता आपलं बीळही विसरले होते.

सर धावतच मामांकडे गेले, त्यांना गदागदा हलवलं. "मामा, उठा! प्रयोगशाळेची किल्ली कुठंय?"

मामांनी प्रेमाने डोळे उघडले.

"कसली शाळा म्हणालात?"

कालच ही हकिकतही अ‍ॅपवर आली. 'शाळेचा वैज्ञानिक दृष्टिकोन शंभर टक्के झाला, प्रयोग पूर्ण यशस्वी ठरला असून हाच प्रयोग आता मोठ्या प्रमाणावर सुरू करण्यात आला तो'.

अंगठा सरकवलात ना? मग एकविसाव्या शब्दात तुम्हीच आहात.