अर्ध्या गोणीचा मान

यासीनचाचा रोज सकाळी धरणाच्या सांडव्याला शिव्या घालतात. अनसिंगकडच्या एका लहानशा धरणावर मी अभियंता आहे. तलाव भरला की जादाचं पाणी ज्या सिमेंटच्या उतरणीवरून खाली जातं, तो हा सांडवा. चाचा सळईनं त्याची फरशी ठोकत ठोकत उतरतात. पोकळ आवाज आला की, "आळश्या, पुन्हा पोट रिकामं केलं काय?" म्हणत तिथं गेरूचा गोल काढतात. चाचा म्हणजे थकलेले गवंडी. हे काम त्यांना कोणी दिलेलं नाही, आणि थांबवायची माझी छाती नाही.

खरं सांगतो, मी या माणसावर जळतो. मी शिकलो, परीक्षा दिल्या. पण गावात साधा कठडा बांधायचा असला तरी आधी चाचा. आमची गच्ची गळायला लागली तेव्हा बायको म्हणाली, "चाचाले बोलावू काय?" अहो, घरात अभियंता बसलेला! वर चाचा भेटले की विचारणार, "कागद काय म्हणते, साहेब?"

यंदा आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. सांडव्याच्या तळाची फरशी उखडली आणि तिथं माणूसभर खड्डा पडला. तो खात खात धरणाच्या मातीपर्यंत सरकला असता, तर खालची सगळी वस्ती वाहून गेली असती. सकाळी पाऊस थांबला, पण संध्याकाळी पुन्हा येणार होता. मी वस्तीत फिरून ओरडलो, "वरच्या शाळेत चला!" एक म्हातारा म्हणाला, "पाहू, जेवण तं होऊ द्या." मग चाचा आले. "उठा रे," एवढंच म्हणाले. अर्ध्या तासात वस्ती रिकामी, कोंबड्यांसकट. एवढ्या धावपळीतही माझ्या पोटात दुखलंच.

सोयाबीनच्या रिकाम्या गोण्यांत मुरूम भरून खड्डा बुजवायचा मी हुकूम सोडला. गच्च भरा, म्हटलं. पहिल्या वीसेक गोण्या गडगडत नाल्यात गेल्या. चाचांनी एक गोणी उघडून निम्मा मुरूम सांडला. "साहेब, गळ्यापर्यंत जेवलेला माणूस बसते काय? लोळते. अर्धी भरा, अंग टाकून बसंन."

अर्ध्या गोण्या एकमेकींना बिलगून बसल्या. वर जाळीत बांधलेले दगड टाकले. संध्याकाळी पाऊस आला, पाणी चढलं, पण एक गोणी हलली नाही.

आठवड्यानं ग्रामपंचायतीत सत्कार ठेवला. मी मागच्या खुर्चीत तोंड आंबट करून बसलो होतो. आणि नाव पुकारलं माझं! चाचांनी गावभर सांगून ठेवलं होतं, "अर्ध्या गोणीची अक्कल साहेबाची." ते स्वतः आलेच नव्हते. शाल घेतली, पण मान वर होईना.

तडक त्यांच्या घरी गेलो. एकटेच भाकरी थापत होते.

"चाचा, खोटं काहून बोलले?"

"बसा." त्यांनी भाकरी उलटवली. "पुढच्या वक्ती मी नसलो तं? गावानं तुमचं आयकलं पाह्यजे."

म्हणजे मोठेपणाही यांनीच घ्यावा! मी चिडून बोलून गेलो, "गाव तुमचंच ऐकतं. एका शब्दावर उठतं. मला हेवा वाटतो तुमचा, चाचा."

चाचांनी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"पहिले माहं बी कोणी आयके नाही. नाल्याले पूर आला तवा मी घरोघर सांगून राह्यलो होतो, निंघा म्हणून. लोक हासले. सकिना बी हासली, माही बायको. म्हणे, तुमी व्हा पुढं, मी एवढं पीठ मळून येते."

त्यांनी भाकरी माझ्या ताटात टाकली.

"पुरात ती एकटीच गेली, साहेब. तवापासून गाव माहं आयकते. तुमच्यावर तशी पाळी नको याले, म्हणून बोललो खोटं. खा, गरम हाय."