बांद्याला न जाणारे पैसे

आमच्या देवबागचा तातू मोबाईलवरून पैसे पाठवताना गाऱ्हाणं घालतो. देवळात घालतात तसंच, डोळे मिटून, मोठ्याने. चहाच्या टपरीवर फोन हातात धरून सुरू होतो, "बा देवा म्हाराजा! आज ह्यो जो काय तातू चायचे वीस रुपये धाडता हा, ते वाटेत खंय अडाकले, कोणाची वाकडी नजर लागली, तर ती दूर कर, आणि सुखरूप पोचव रे म्हाराजा!" यावर टपरीवरच्या सगळ्यांनी "होय म्हाराजा!" म्हणायचं. कोणी गप्प राहिलं तर तातू बटण दाबत नाही.

घराच्या दोन खोल्या तो पर्यटकांना देतो. ते फोनवरून बिल भरतात, तेव्हाही गाऱ्हाणं चुकत नाही. पुण्याच्या एका साहेबांनी विचारलं, "काका, याची काय गरज?"

"पैसे डोळ्यांक दिसतत? नाय. देव दिसता? नाय. मगे न दिसणाऱ्याचो कारभार न दिसणाऱ्याकच सांगूक होयो."

साहेब मुकाट्याने 'होय म्हाराजा' म्हणाले.

कुणाला वाटेल, म्हातारा फोनला घाबरतो. छे! मासेवाली, रिक्षा, विजेचं बिल, सगळं बिनचूक. फक्त एका ठिकाणी त्याचे पैसे जात नाहीत. बांद्याला.

तिथे त्याची धाकटी बहीण असते, शालू. नवरा गेला, मुलगा मुंबईला. तातूला तर ना बायको ना मुलं, शालूच काय ती. देवबागचं घर दोघांच्या नावावर, म्हणून खोल्यांचं अर्धं उत्पन्न तिचं. ते द्यायला तातू दर महिन्याला एसट्या बदलत जातो, पिशवीत बांगडे घेऊन. बांगड्यांमुळे शेजारची सीट त्याला नेहमी मोकळी मिळते.

भाच्याने आईच्या फोनवर सगळी सोय करून दिली. "मामा, आता कशाला हेलपाटे घालतोस?" पण पैसे काही जाईनात. "बांद्याची रेंज वायट," तातू सांगे. बांदा हायवेवर आहे. रेंज वाईट असलीच तर आमची.

शेवटी मी म्हटलं, "दे, माझ्या फोनवरून पाठवतो."

तातू उखडला. "तू धाडलस तर मी काय सांगान बांद्याक जाव?" भावाने बहिणीच्या सासरी कारणाशिवाय जाऊ नये, हा त्याच्या घरचा जुना दंडक. मग आवाज उतरवून म्हणाला, "शालूक बोलू नको हां."

गेल्या महिन्यात माझंही बांद्यात काम निघालं, म्हणून सोबत गेलो. तातू विहिरीवर पाय धुवायला गेला आणि दारात भाजीवाला आला. शालूने कमरेचा फोन काढला, झटक्यात पैसे दिले, भाजी घेतली. मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

"दादाक सांगू नको," ती हळूच म्हणाली. "फोन चलता म्हणान कळला तर तो येवचो नाय. माझ्याकडे दुसरा कोण येता?"

एवढ्यात तातू आला. "काय गो, फोन सुदारलो तुझो?"

"खंयचो! पैसे घेवक तयारच नाय."

"माझोय तसोच," म्हणत तातू समाधानाने पाटावर बसला. मला त्या दोघांचा हेवा वाटला. शालू बांगडे घेऊन आत गेली.

"म्हणजे पुढल्या म्हयन्यात परत येवक होया," तातू म्हणाला.

"येवकच होया," ती आतून म्हणाली.