चाळीस गाद्यांचं वसतिगृह

लांबून येणाऱ्या मुलींची उच्च शिक्षणात आबाळ होते, हे शासनाच्या लक्षात आलं आणि जळगावच्या एका कॉलेजात चाळीस खाटांचं वसतिगृह उभं राहिलं. गाद्या भरल्या चोपड्याच्या रहीमभाईंनी. त्यांची मुलगी खुशनुमा त्याच कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. शेवटची गादी शिवताना ते म्हणाले, "चोख कापूस शे, बेटा. पाठ दुखाव नही तुनी."

दुपारच्या प्रॅक्टिकलला थांबलं की खुशनुमाची चोपड्याची शेवटची एस.टी. चुकायची, म्हणून ती थांबायची नाही. हजेरी एकसष्ट टक्के. पंच्याहत्तर भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. तिनं वसतिगृहाचा अर्ज कार्यालयातल्या रतिलालभाऊंपुढे ठेवला.

"यालाही पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते."

"भाऊ, खोली मिळाली तर हजेरी भरेल ना!"

"आधी भर, मग मिळेल. नियम काय मी घरी बसून लिहिला?"

"मग मिळाली कोणाला?"

"कोणालाच नाही. लांबच्यांची हजेरी भरत नाही. जवळच्यांची भरते, पण त्या पडल्या जवळच्या. म्हणजे बघ, अन्याय कोणावरच नाही."

पुढच्या आठवड्यात खुशनुमा मैत्रिणीकडे मुक्काम ठरवून प्रॅक्टिकलला थांबली. नेमकी त्याच दिवशी समता पाहणी समिती आली. समितीला लाभार्थी दाखवणं बंधनकारक. रतिलालभाऊंनी तिला प्रयोगशाळेच्या दारातूनच वळवलं.

"दहा मिनिटं खाटेवर बस. पुस्तक धर हातात. साहेब बघतील तुझ्या अर्जाचं."

समितीचं जेवण लांबलं. दहा मिनिटांचे तीन तास झाले.

अध्यक्षांनी गादी दाबून पाहिली. "इतक्या मुली राहतात, आणि एक सुरकुती नाही! काही अडचण, बेटा?"

"सर, माझं प्रॅक्टिकल बुडतंय."

"ऐकलंत?" अध्यक्ष सदस्यांकडे वळून गहिवरले. "वसतिगृहानं अभ्यासाची केवढी ओढ लावली!"

अहवालात आणखी चाळीस खाटांची शिफारस झाली. प्रयोगशाळेच्या वहीत खुशनुमाची गैरहजेरी लागली. परीक्षेच्या यादीत तिचं नाव आलं नाही. रहीमभाईंना मात्र नव्या गाद्यांचं काम आलं.

"घेऊ का, बेटा?" त्यांनी खाली मान घालून विचारलं.

"घ्या, अब्बा. झोपेल कोणीतरी, कधीतरी."

खाटेवर पुस्तक घेऊन बसलेल्या खुशनुमाचा फोटो पेपरात छापून आला. तुम्ही पाहिलात की तो. "पोरी किती पुढे गेल्या हो आता!" असं घरातही म्हणालात, आणि पान उलटून राशिभविष्य वाचायला घेतलंत.